पारामावशीचं स्वयंपाकघर

सोन्याची खाण बंद पडून वीस वर्षं झाली, पण मातीचे ढीग कोणी उचलून नेले नाहीत. त्या ढिगांवर पोट भरणाऱ्या बायकांत एक पारामावशी. बारीक वाळू परातीत घोळायची, मग त्यात पारा ओतून कणीक मळावी तशी उघड्या हातांनी मळायची. पारा सोन्याचे कण धरून ठेवतो. ते फडक्यात बांधून पिळलं की सुपारीएवढा पांढरा गोळा उरतो. तो चुलीवर तव्यात तापवला की पारा उडतो, सोनं राहतं. आपलं सोनं इतरांपेक्षा चार कण जास्तच, असा मावशीचा दावा. "खिडक्या लावून घेते मी. वाऱ्यानं सोनंसुद्धा उडतं. तुम्ही बसा दारं सताड उघडी टाकून!" मग बाकीच्याही खिडक्या लावू लागल्या. भलतं शहाणपण पसरायला वेळ लागत नाही.

चूल फुंकायचं काम नवऱ्याचं. त्याचे हात थरथरायला लागले, बशीत कप वाजायला लागला, तेव्हा मावशीनं गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आज कुठं पिऊन आलात?" तो शपथा घ्यायचा. ती नाक मुरडायची. तो गेला तेव्हाही लोक म्हणाले, दारूनं खाल्लं. मावशीनं मान डोलावली होती.

आज सकाळी आरोग्य केंद्रातली नर्स दारात आली. हातात डब्याएवढं यंत्र.

"घरातल्या हवेत पारा किती आहे ते बघायचंय, मावशी."

"हवेत कुठला आलाय पारा? पारा बाटलीत असतो," मावशी हसली.

"मग तव्यातला उडतो, तो जातो कुठं?"

मावशीनं वळून चुलीवरच्या तव्याकडं पाहिलं. वीस वर्षांत हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

"भिंतींना चिकटतो, कपड्यांत बसतो," नर्स आत येत म्हणाली. "ऊन लागलं, चूल पेटली की पुन्हा हवेत येतो. श्वासातून अंगात जातो. हात थरथरतात, डोकं चालेनासं होतं. पोटातल्या बाळाला तर..."

ती थांबली. स्वयंपाकघरात चुलीमागच्या भिंतीला लागून पलंग होता आणि पलंगावर मावशीची मुलगी कुशीवर पहुडली होती. सातवा महिना. जावई कामासाठी दूर गेला, तेव्हापासून ती इथंच होती. घरातली सगळ्यांत ऊबदार जागा मावशीनं तिला दिली होती. वारा लागू नये म्हणून खिडकीच्या फटीत चिंध्यासुद्धा कोंबल्या होत्या.

मावशीच्या डोळ्यांपुढे नवऱ्याचा चेहरा आला. खरं बोलत होता बिचारा. पण त्याची माफी मागायला आता वेळ नव्हता.

नर्सनं यंत्र दारापाशी धरलं, ते गप्प राहिलं. मांडणीपाशी एकदा वाजलं. चुलीपाशी वाजत राहिलं. मावशी तिच्या मागं मागं फिरत होती, मनात एकच घोकत होती, पलंगापाशी नको, एवढं एक तिथं नको.

पलंगापाशी ते असं किंचाळलं की मुलगी दचकून जागी झाली.

"काय गं आई? कसला आवाज हा?"

"ऊठ. आधी बाहेर चल."

"अगं, पण झालंय काय? उठवत नाहीये मला, हात दे ना," मुलगी म्हणाली आणि तिनं हात वर केला.

मावशीनं हात पुढं केला. नखांच्या कडेला सकाळची वाळू होती. कालच्या, परवाच्या, रोजच्या मळण्याचे हात. याच हातांनी रात्री ती मुलीच्या पोटाला तेल लावत होती.

तिनं हात मागं घेतले, पदरात गुंडाळले.

"बाई," ती नर्सला म्हणाली, "तुम्ही उठवा हिला. माझा हात नको लागायला."