बाराव्या भेटीनंतर

एकट्या म्हाताऱ्यांना बारा भेटी दिल्या की उभारी येते, हे अभ्यासातून सिद्ध झालं होतं. म्हणून ज्येष्ठ नागरिक केंद्रातल्या समाजसेविका बाई बारा मंगळवार शिवणवाल्या आजींकडे गेल्या. शेवटचा फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, "अजून एकटं वाटतं?"

"छे गं!"

"मग भेटी आता बंद, आजी."

"अगं बाई! मग वाटतं म्हणून लिही की!"

"खोटं कसं लिहू? उपाय लागू पडलाय."

"उपाय गेला खड्ड्यात. तू येणार का ते सांग."

बाईंनी खरं तेच लिहिलं.

पुढच्या मंगळवारी बाईंचे पाय आपसूक तोच जिना चढले. घरी परतायची घाई त्यांना कधीच नसे. पण हातात फॉर्म नसताना बेल काय म्हणून वाजवायची? चाहूल लागल्यासारखं आतलं शिवणयंत्र थांबलं, तशा बाई हळूच जिना उतरल्या.