स्वराला आधी सांगायचं राहून गेलं

मागच्या महिन्यात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा दहावा करून आम्ही गंगाखेडहून पालमला परत आलो. गोदावरीच्या घाटावर डोकं आणि मिशी उतरवली होती. घरात पाऊल टाकलं आणि स्वरा मला बघून किंचाळत आत पळाली.

स्वरा माझी मुलगी, आठ वर्षांची. तिला ऑटिझम आहे, बोलते अगदी थोडं. जन्मापासून तिने मला मिशीतच पाहिलेलं...

काहीही बदलायचं असलं की आम्ही तिला आधी फोटो दाखवून सांगतो. आधी हे, मग ते, मग घरी. तिच्या शाळेतल्या मॅडमनी शिकवलेली ही पद्धत. त्या दहा दिवसांच्या धावपळीत मी नेमकं तेच विसरलो.

पाच दिवस ती जवळ आली नाही. रोज माझ्या हातूनच जेवणारी पोर, मी ताट घेऊन बसलो की पाठ फिरवायची. अण्णा गेलेच होते, आता हीसुद्धा दुरावते की काय, असं वाटायला लागलं.

मॅडमना फोन केला. "तिचं काही चुकलं नाही सर, तुम्ही न सांगता बदललात. आता तरी दाखवा. आणि मधला, केस उतरवतानाचा फोटो पाहिजेच, नाहीतर तिला दोन वेगळी माणसं वाटतील."

मधला फोटो कुठून आणायचा? घाटावर कोण फोटो काढतं... शेवटी गल्लीतल्या सलूनवाल्या मामांना अंगणात बोलावलं. बायकोने काजळाने मला मिशी काढली आणि मोबाईल घेऊन उभी राहिली.

"साहेब, काढायचं तरी काय ऱ्हायलंय आता?"

"नुसता वस्तरा धरा, मामा."

"लय डोके केले, पण असं नाटक पयल्यांदाच करायलोय!"

ओट्यावरून माझ्या काकू ओरडल्या, "आरे, दहाव्याचं मुंडण दोनदा करत नसतेत बाबा!" मग माझी काजळाची मिशी दिसली आणि त्यांनाच हसू आवरेना. बऱ्याच दिवसांनी घरात कोणी हसलं.

फोटो ओळीने फ्रीजवर लावले. मिशीवाला मी, वस्तरा, टक्कल. शेवटी पेन्सिलने पुन्हा केस आलेला मी काढला. स्वरा बराच वेळ बघत राहिली. मग आली, माझ्या डोक्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाली, "पप्पा." त्या दिवशी माझ्या हातून पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी तिने तिच्या फोटोंच्या डब्यातून अण्णांचा फोटो आणला, माझ्या फोटोंच्या खाली लावला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. आम्ही तिला "अण्णा गावाला गेलेत" म्हणून सांगत होतो. तिला पुढचे फोटो हवे होते.

गावाला गेल्याचा खोटा फोटो काही नव्हताच, खरं तेच लावावं लागलं. अण्णा खुर्चीत. अण्णा दवाखान्यात. मग रिकाम्या खुर्चीचा फोटो काढून आणला. तिने त्याच्या पुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं... माझ्या ओळीत तिथे केस आलेले होते.

"नाही बाळा. अण्णा परत येणार नाहीत. पुढे फोटो नाही."

तिने बोट काढलं नाही. मी दुसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा काढलं.

दहा दिवस सगळे विधी केले, येणाऱ्या प्रत्येकाला अण्णा गेले म्हणून सांगितलं, तरी मला ते कळलं नव्हतं. तिला सांगताना कळलं. मॅडमचे आभार मानायला ही पोस्ट लिहायला बसलो... आणि स्वराचेही, कारण माझं रडणं थांबेपर्यंत ती तिथून हलली नाही.