मास्तरीणबाईंचा उजवा खांदा

मास्तरीणबाई कधी शाळेत शिकवायला गेल्या नव्हत्या. उभी हयात त्यांनी रुग्णालयाच्या धुलाईखान्यात इस्त्री केली. ओली चादर झटकून टेबलावर पसरायची आणि उजव्या हाताने जड इस्त्री फिरवायची, की लगेच दुसरी चादर. 'मास्तरीण' ही पदवी मिळाली ती निवृत्तीनंतर, आणि तीही कान अधू होते म्हणून.

त्याचं झालं असं. रुग्णालयामागच्या सभागृहात एक गुरुजी म्हाताऱ्यांना 'ताई ची' हा चिनी व्यायाम शिकवायचे. हात सावकाश हलवायचे, पाय सावकाश टाकायचे, तोल सांभाळायचा. बाईंना मागे ऐकू येत नसे, म्हणून त्या पहिल्या रांगेत उभ्या राहत. पुढे उभी राहते म्हणजे हिला सगळं येत असणार, असं बाकीच्यांनी परस्पर ठरवून टाकलं. गुरुजी कायमचे मुलीकडे राहायला गेले, तेव्हा सगळ्यांनी बाईंकडे बोट दाखवलं. वासरात लंगडी गाय शहाणी, दुसरं काय. चार दिवस बघते, म्हणून बाईंनी होकार दिला आणि ते चार दिवस काही संपेनात.

बाई दमल्या होत्या. वयाने दमतात तशा तर होत्याच, पण खरं दुखणं उजव्या खांद्याचं होतं. हात कानापर्यंत गेला की आत कुणीतरी सुई खुपसल्यासारखी कळ यायची. घरातली भांडी त्यांनी गुपचूप खालच्या फळीवर आणून ठेवली होती. डॉक्टरकडे गेलं तर ते विश्रांती घ्या म्हणणार, आणि शिकवणारं कुणी नसेल तर सभागृह मिळणार नाही, असं रुग्णालयाच्या कार्यालयाने आधीच बजावलेलं.

मिळेना का, असंही कधीकधी त्यांच्या मनात येई. पण घरात धाकटी नणंद होती. ती न्हाणीघरात पडली, त्यानंतर कित्येक महिने भिंत धरूनच चालायची. या वर्गाने तिला भिंत सोडायला लावली. "वहिनी, तुझा वर्ग बंद पडला ना, तर मी परत भिंतीला चिकटले म्हणून समज," असं ती येताजाता ऐकवायची. तेव्हा बाईंनी दुखणं अंगावर काढलं. रोज सकाळी सगळ्यांकडे पाठ करून त्या उभ्या राहायच्या आणि मागचे लोक त्यांच्याकडे बघून हात-पाय हलवायचे.

मग रुग्णालयाने व्यायामाच्या उपचाराचं शिक्षण घेतलेली एक मुलगी नेमली. बातमी ऐकून बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. नणंद मात्र फणकारली, "काल आलेली पोर आम्हाला काय शिकवणार?"

"शिकवू दे, वन्सं," बाई म्हणाल्या. "मी मागे उभी राहीन म्हणते."

दुसऱ्या दिवशी त्या शेवटच्या रांगेत, अगदी दाराशी उभ्या राहिल्या. त्यांची पुढची जागा नणंदेने लगेच पटकावली. मुलगी म्हणाली, "तुम्हाला येतं ते करून दाखवा." सगळ्यांनी 'छपराला टेकू' घेतला. दोन्ही हात वर नेण्याच्या प्रकाराला हे नाव लोकांनीच ठेवलेलं. डावे हात सरळ वर गेले. उजवे हात मात्र कानापाशी थांबले, कोपरात वाकून, खांदा आखडून, मान जराशी त्याच बाजूला कलती. रांगेतला सगळ्यात उंच माणूस म्हणजे निवृत्त ड्रायव्हर. सभागृहातले दिवे तो शिडीशिवाय बदलायचा, पण त्याचाही हात कानाशी. बाईंना आपला खांदा ओळखू आला.

मुलगी चक्रावली. "सगळ्यांचेच उजवे खांदे धरलेत?"

"छे हो," ड्रायव्हरने समजावलं, "ते तसंच असतं. डावा छपराला, उजवा कानाला."

"कुणी सांगितलं?"

तिने हात पूर्ण उचलून बघायला सांगितलं, तर एकेक हात सरळ वर गेला. ड्रायव्हर स्वतःच्या हाताकडे बघतच राहिला. "म्हणजे इतकी वर्षं आपण अर्धंच केलं," तो म्हणाला.

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" नणंदेने टोला हाणला आणि सगळे हसले. बाईही हसल्या. मग त्यांना इतकी लाज वाटली की दार जवळच आहे याचं बरं वाटलं. पण त्या निघण्याआधीच मुलगी त्यांच्याजवळ आली, कारण आता कानाशी थांबलेला हात तेवढा एकच उरला होता. तिने खांदा हलकेच दाबला. बाई कळवळल्या.

"किती दिवस झाले, आजी?"

"दिवस कसले, वर्षं झाली."

हसणं थांबलं. नणंद वळली. "वहिनी, घरात एका शब्दाने बोलली नाहीस."

"बोलून काय करायचं होतं? तुमचे पाय चालते राहायला हवे होते."

मुलीने खुर्ची आणून बाईंना बसवलं. खांद्याचं उद्यापासून वेगळं बघू, आज नुसतं बसा, असं तिने बजावलं आणि ती पुढे गेली.

वर्ग पुन्हा सुरू झाला. आपल्यावाचून तो अडेल असं बाईंना वाटत आलं होतं, तो जरासुद्धा अडला नाही. याचं त्यांना वाईट वाटलं, पण फार वाईट वाटून घेण्याइतकं बळ उरलं नव्हतं. त्यांनी हात मांडीवर सोडून दिले.

मुलीने एका पायावर उभं राहायला सांगितलं. समोर नणंदेने पाय उचलला. भिंत चांगली दूर होती. नणंद थोडी डुलली, सावरली आणि तशीच उभी राहिली. बाई रोज या लोकांकडे पाठ करून उभ्या राहिल्या होत्या. नणंदेला अशी उभी राहिलेली त्या आज पहिल्यांदाच बघत होत्या.