घरेलू कारण

"ये चार लोग खड़े हो जाओ," सर म्हणाले आणि त्यांनी हातातल्या कागदावरून चार आडनावं वाचली. नावं नाहीत. फक्त आडनावं. मी दुसऱ्या बाकावर होते, म्हणून मला तो कागद दिसला. तो गुणांचा तक्ता नव्हता. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीची यादी होती. तिसरं आडनाव माझं.

आम्ही उभे राहिलो. दोन मुलं, दोन मुली. बाकीचे साठ-पासष्ट जण मान वळवून बघत होते.

"कॉपी निकालो. लिखो." सर खिडकीबाहेर बघत मजकूर सांगू लागले. "मैं घरेलू कारणों से यह विषय अपनी इच्छा से छोड़ रहा हूँ, रही हूँ. लिखा? नीचे साइन. आज ही दे देना."

हे जबलपूरच्या एका कॉलेजात घडलं. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण मी आज तिथेच शिकवते. विषय होता प्री-कॅल्क्युलस. ज्याला पुढे गणित घ्यायचंय त्याने पहिल्या सत्रात हा पेपर पास व्हायचा. फलनं, आलेख, त्रिकोणमिती, लॉगॅरिदम. पास झालात तर गणिताचं दार उघडं, नाहीतर बंद. मला गणितच करायचं होतं. बारावीपासून दुसरं काही सुचतच नव्हतं. त्या एका सहीने ते संपणार होतं.

पहिल्याच चाचणीत मला वीसपैकी चार मिळाले होते. खरं आहे, लपवत नाही. आलेख म्हणजे काय तेच मला तोवर कोणी शिकवलं नव्हतं. पण सत्राच्या पहिल्या दिवशी सरांनीच कोर्सचे नियम लिहून दिले होते आणि मी ते वहीच्या पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात उतरवले होते. साडेसातला दार बंद. हजेरी पंचाहत्तर टक्के. कॅल्क्युलेटर नाही. तीन चाचण्या, त्यातल्या उत्तम दोन धरणार. शेवटी सर म्हणाले होते, "नियम सबके लिए एक हैं." तेही मी लिहून घेतलं होतं. तेव्हा मी सगळंच लिहून घ्यायची.

माझ्या पुढच्या बाकावर सदरची, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातली, एक मुलगी बसायची. वडील फौजेत मोठे अधिकारी. तिला तीन मिळाले होते, माझ्यापेक्षा एक कमी. तिचा पेपर परत देताना सर म्हणाले होते, "कोई बात नहीं बेटा, अभी दो टेस्ट बाकी हैं."

मी वही उघडून उभी होते, पेन हलत नव्हतं. सर माझ्याजवळ आले. माझं आडनाव पुन्हा एकदा, हळू, चघळत उच्चारलं. आणि मग मराठीत बोलले.

"नागपूरकडचे ना तुम्ही?"

कॉलेजात पहिल्यांदाच कोणीतरी माझ्याशी मराठीत बोलत होतं. घरातली भाषा. बाहेर रस्त्यावर, दुकानात, वर्गात सगळीकडे हिंदी. ती भाषा कानावर पडताच मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. सगळ्यात जास्त लाज मला अजून त्याचीच वाटते.

"हो सर," मी म्हटलं.

"मग मराठीतच सांगतो, म्हणजे नीट कळेल. तुमच्या लोकांच्या डोक्यात गणित शिरत नाही. तुझा दोष नाही त्यात. शिवणकाम शीक, काहीतरी कर. माझा निकाल कशाला खराब करतेस?"

आवाज चढवला नाही. हसून बोलले. वर्गाला वाटलं असेल, सर किती प्रेमाने समजावताहेत. कोणाला काही कळलं नाही. साठ जणांच्या मधोमध तो मार एकट्या मला बसला, आणि साक्षीला कोणी नव्हतं.

निकालाची गोष्ट मला नंतर कळली. सरांचा निकाल दरवर्षी शंभर टक्के लागायचा. कॉलेजच्या पत्रिकेत त्यांचा फोटो यायचा. नापास होतील असे वाटणारे परीक्षेपर्यंत पोचूच द्यायचे नाहीत, ही युक्ती होती. कोणाला वगळायचं ते मात्र गुण बघून नाही, यादी बघून ठरायचं.

बाकीच्या तिघांनी अर्ज लिहून दिले. शहपुऱ्याहून येणारी मुलगी माझ्या शेजारीच होती. तिने तर सही करून वर तारीखही घातली. मी म्हटलं, "सर, वडिलांची सही आणते." खोटं बोलले. मला फक्त त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं.

बाबा फॅक्टरीत कामगार होते. तयार झालेले नग गेज, म्हणजे मापाचा साचा, लावून तपासायचे. नग गेजमधून गेला तर पास, अडला तर नापास. संध्याकाळी सायकल लावून, हातपाय धुऊन ते चहा घेत बसले होते. सरांचा मजकूर घरी येऊन लिहिला होता, तो अर्ज मी पुढे केला. कारण सांगितलं नाही.

बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"घरेलू कारण?" ते म्हणाले. "घरात काय झालं? मी पेतो काय? तुयी माय मारते काय तुले?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"काहून सोडून राहिली मग? आन् माह्या घराचं नाव काहून लिहिलं यात?"

मग मी सांगितलं. यादी, चार आडनावं, मराठीतलं ते वाक्य, सगळं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं बाबा भडकतील, नाहीतर म्हणतील, जाऊ दे बाई. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. कप खाली ठेवला. बाबांचा झालेला अपमान मी त्याआधीही पाहिला होता, पण त्या दिवशी तो माझ्या हातून घरात आला होता.

"आमच्या फॅक्टरीमधी नग नापास केला न," ते बोलले, "तं त्याले लाल टॅग लावा लागते. टॅगवर कारण लिहा लागते. आन् ज्यानं नापास केला, सही त्याची. नगाची नाही. बिनाकारणाचा नग आला तं आम्ही घेतच नाही, वापस पाठवतो."

"मग?"

"लोखंडाले कारण लागते. तू लोखंडाच्याबी खाली गेली काय?"

त्या रात्री मला झोप लागली की नाही आठवत नाही. सकाळी उठून मी दुसरा अर्ज लिहिला, हे पक्कं आठवतं. हिंदीत, सरळ. मला हा विषय सोडायला सांगण्यात आलं आहे. माझ्या घरात कोणतंही कारण नाही. सरांनी सांगितलेलं कारण असं आहे: आणि तिथे ते मराठी वाक्य जसंच्या तसं, देवनागरीत, अवतरणचिन्हांत. खाली नियमांचं पान: तीन चाचण्या, उत्तम दोन. आणि शेवटी विनंती, की मला नापास करायचं असेल तर कारण सरांनी स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करावी.

दोन प्रती केल्या. ऑफिसच्या खिडकीवर बाबू चहा पीत होता. त्याने वाचलं नाही. एक प्रत फाइलला लावली, दुसरीवर ठप्पा मारला, तारीख घातली आणि मला परत दिली. "और कुछ?" म्हणाला. मी म्हटलं, "बस, भैया."

ठप्प्याचा कागद घेऊन मी वर्गात गेले आणि सरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचला. मी त्यांचा चेहरा नीट बघून घेतला, कारण मला तो आयुष्यभर पुरवायचा होता. आधी कान लाल झाले. मग त्यांनी वर्गाकडे पाठ केली आणि पुटपुटले, "फाड हे. मी मस्करी केली होती."

"एक प्रत ऑफिसात आहे सर. ठप्पा बघा."

"बस जा."

मी पहिल्या बाकावर जाऊन बसले. माझी जागा दुसऱ्या बाकावर होती, तरी पहिल्यावर बसले आणि सत्र संपेपर्यंत तिथून हलले नाही. त्यानंतर माझा रोल नंबर घेताना सरांनी एकदाही मान वर केली नाही. मी मात्र "यस सर" असं म्हणायची की मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल.

लोक विचारतात, अभ्यासाची प्रेरणा कुठून मिळाली. प्रेरणा वगैरे काही नाही. सूड. साइनचा आलेख मी रागाने शिकले. लॉगॅरिदमची गणितं दात आवळून सोडवली. दुसऱ्या चाचणीत अकरा, तिसऱ्या चाचणीत सतरा. उत्तम दोन. सरांना नियम मोडता आला नाही, कारण तो त्यांनीच लिहून दिला होता आणि माझ्याकडे वही होती.

पण एक गोष्ट मी केली नाही. ठप्प्याचा कागद घेऊन मी त्या तिघांकडे गेले नाही. त्यांचे अर्ज ऑफिसात पडून होते. तिघांना गोळा करून परत मागता आले असते. मला फक्त माझी पडली होती. काही वर्षांनी शहपुऱ्याच्या बाजारात ती मुलगी भेटली. भाजीची पिशवी घेऊन उभी होती. मी विचारलं, तेव्हा तू सही का केलीस? ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, "अरे, घर में कुछ था उस टाइम." काय होतं, ते तिला आठवत नव्हतं. सरांनी सांगितलेलं वाक्य तिला स्वतःचंच वाटायला लागलं होतं.

त्या दिवसापासून माझा हिशेब चौघांचा आहे.

आता मी त्याच कॉलेजात तोच पेपर शिकवते. सर विभागप्रमुख झाले. पाहुणे आले की मला बोलावून घेतात. "ये हमारी मराठी लड़की है. मैंने ही तैयार की है." असं म्हणताना माझ्या खांद्यावर हात ठेवतात. मी खांदा काढून घेते. मी त्यांना सर म्हणते, इथेही म्हणतेय. ती सवय आहे, आदर नाही.

यंदा सत्र सुरू होण्याआधी विभागाची बैठक झाली. प्री-कॅल्क्युलसचं नियोजन ठरवायचं होतं. किती चाचण्या, हजेरी किती, उशिरा आलेल्याचं काय करायचं. आम्ही सहा जण टेबलाभोवती. लिहायचं काम माझ्याकडे. सगळं ठरत आलं तेव्हा सर म्हणाले, "एक नियम और जोड़ लो. जो कमजोर बच्चे हैं, पहले टेस्ट के बाद आवेदन देकर विषय छोड़ सकते हैं. अपनी इच्छा से." आणि माझ्याकडे बघून, "लिखो."

तोच शब्द. लिखो.

मी पेन खाली ठेवलं. पर्समधून प्लास्टिकच्या पाकिटातला कागद काढला. तो मी नेहमी जवळ ठेवते, लोक देवाचा फोटो ठेवतात तसा. उभी राहून तो पहिल्या ओळीपासून वाचला. ठप्प्याची तारीखही वाचली. मराठी वाक्य आलं तेव्हा टेबलाभोवतीच्या बाकी चौघांना कळलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले.

सर मराठीत शिरले. आवाज अगदी घरचा. "अगं, किती जुनं ते. अजून धरून बसलीस? आपल्या माणसांत असं करतात का?"

आपल्या माणसांत. इतक्या वर्षांनी मी त्यांची माणूस झाले, तीही कागद बाहेर निघाल्यावर.

"सर, हिंदी में बोलिए," मी म्हटलं. "सबको समझना चाहिए."

मग मीच त्या वाक्याचा हिंदीत अर्थ सांगितला. एकही शब्द सौम्य केला नाही. समोरच्या मॅडमनी हातातलं बिस्किट बशीत परत ठेवलं. मला आनंद झाला. हो, झाला. लोक म्हणतात, सूड घेतल्यावर पोकळ वाटतं. मला नाही वाटलं.

मग मी बसले आणि आठवा नियम लिहिला. कोणताही विद्यार्थी विषय सोडण्याचा अर्ज लिहिणार नाही. एखाद्याला हा विषय झेपणार नाही असं शिक्षकाला वाटत असेल, तर त्याचं कारण शिक्षक स्वतःच्या हाताने लिहील, खाली सही करील आणि एक प्रत विद्यार्थ्याला देईल. कागद फिरला. पाच सह्या झाल्या. शेवटी तो सरांपुढे आला. विभागप्रमुखाच्या सहीशिवाय नियोजन मंजूर होत नाही, हा नियमही त्यांचाच. त्यांनी सही केली. बाबांच्या लाल टॅगवर त्यांची सही पडली, हे त्यांना कधी कळणार नाही.

हे इथे संपलं असं कोणाला वाटत असेल, तर मला वाटत नाही. तीन अर्ज अजून ऑफिसच्या जुन्या फायलींत आहेत. त्यांच्या आधीच्या वर्षांचेही असतील. मी ते शोधतेय. प्रत्येकावर "घरेलू कारण" लिहिलेलं असणार आणि प्रत्येकामागे एक घर असणार, जिथे काहीच झालं नव्हतं.

पुढच्या महिन्यात सर निवृत्त होताहेत. निरोपाचा कार्यक्रम आहे. हॉल भरेल, हार येतील, त्यांची मुलंबाळं येतील. सरांची लाडकी विद्यार्थिनी म्हणून कार्यक्रमपत्रिकेत माझंही नाव छापलं आहे. बैठकीच्या आधीच छापून झालं होतं. आता ते घाबरून निरोपावर निरोप पाठवताहेत, की तब्येत बरी नसेल तर नाही आलीस तरी चालेल.

माझी तब्येत ठणठणीत आहे. माझ्या घरातही काही कारण नाही. मी जाणार आहे. तोवर जेवढे सापडतील तेवढे अर्ज घेऊन जाणार आहे. माइकपुढे उभी राहून एकेक नाव वाचणार आहे, आडनाव नाही, नाव. आणि शेवटी ते वाक्य सांगणार आहे, आधी मराठीत, मग हिंदीत, त्यांच्या नातवंडांना कळेल इतकं सावकाश.