रिकाम्या टेबलाची चाचणी

कारखान्यांतून सगळे त्याला वारेमास्तर म्हणत. कामच तसं होतं. विषारी वाफा ओढून घेणारे पंखे खरोखर ओढतात की नुसतेच घरघरतात, हे तपासायचं. वाफ निघते त्या जागी तो खुणेचा वायू सोडी. बिनवासाचा, निरुपद्रवी. मग कामगाराच्या नाकाच्या उंचीवर मोजयंत्र लावी. पंख्याच्या तावडीतून जेवढा वायू निसटेल, तेवढा आकडा वर. आकडा खाली राहिला की मास्तर सही ठोकून मोकळे. बारा वर्षांत त्या सहीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं आणि स्वारीला त्याचा तोरा होता.

धाकट्या बहिणीला बुटांच्या कारखान्यात, तळव्यांना गोंद लावायच्या कामावर त्यानंच लावून दिलं. वर म्हणाला होता, "माझ्या सहीचं टेबल आहे, बिनघोर जा." सात महिन्यांनी जेवताना तिच्या हातून पेला सुटला, आठवड्यात दुसऱ्यांदा.

"बोटं मेली बधिर होतात रे दादा," ती हसत म्हणाली.

गोंदाची वाफ नसांवर जाते, हे त्याला तोंडपाठ होतं.

दुसऱ्या दिवशी तो यंत्र घेऊन तिच्या टेबलाशी हजर झाला. सवयीनं म्हणाला, "जरा बाजूला हो, चाचणी घ्यायची आहे." आकडा जेमतेम हलला. त्याच्या जिवात जीव आला. पण तळव्यांचा ढीग साचला म्हणून ती परत जागेवर येऊन उभी राहिली, तसा आकडा भराभर चढला.

"मागे हो," तो म्हणाला. आकडा उतरला.

"आता ये पुढे." पुन्हा चढला.

मग त्याच्या ध्यानात आलं. टेबलापलीकडचा पंखा तिच्या पाठीमागून हवा ओढत होता. ती हवा तिच्या अंगाला अडून समोर भोवरा करत होती आणि वाफ थेट तिच्या नाकाशी आणत होती. रिकाम्या टेबलापुढे कसला आलाय भोवरा?

"ब्रश ठेव खाली. इथं उभं राहायचं नाही."

"पंखा बिघडलाय का?"

"पंखा ठीक आहे. मी चुकलो. तपासताना माणसालाच बाजूला करत आलो."

तिनं ओळीतल्या बाकीच्या टेबलांवर वाकलेल्या बायकांकडे पाहिलं. "सगळीकडेच?"

"सगळीकडेच," तो म्हणाला. त्या घडीला शहरात त्याच्या सहीच्या चारशे टेबलांपाशी माणसं उभी होती.