बिनजाळाची सून

आमच्या उंब्रजच्या आत्तीच्या घरात निर्जीव वस्तू म्हणून काही नव्हतंच. दारात आलेल्या प्रत्येक यंत्राला ती आधी नात्यात बसवायची आणि मगच वापरायची. फ्रीज म्हणजे तिची थोरली जाऊ, कारण तो सारखा कुरकुरायचा आणि वागायला गार होता. बोअरची मोटर म्हणजे नंदावा. मनात आलं तर येणार, नाहीतर हाका मारून घसा फोडा. त्यामुळे मी सांगलीहून तिच्यासाठी छोटा विजेचा कुकर घेऊन गेलो तेव्हा खोकं उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "ही कोन म्हनायची?"

कुकर मी नेला असला तरी हुकूम तिच्या मुलाचा, पुण्याच्या संजूदादाचा होता. त्याचं कारणही आत्तीनंच पुरवलं होतं. एकदा गॅसवर दूध ठेवून ती शेजारच्या कमळाकाकीच्या पायरीवर टेकली. कुणाची तरी सोयरीक मोडल्याची गोष्ट निघाली आणि अशी गोष्ट अर्धवट टाकून उठणाऱ्यातली आत्ती नव्हे. घरातून धूर निघाला, पातेलं कोळशासारखं झालं, शेजारी सुभेदारांनी धावत जाऊन गॅस बंद केला. दुसऱ्याच दिवशी संजूदादा आला आणि शेगडी, सिलेंडर गाडीत घालून घेऊन गेला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर चुलीचा धूर डॉक्टरांनी आधीच बंद केला होता. "यात्रेपर्यंत बघू," तो जाताना म्हणाला. "विजेचा कुकर पाठवतो, त्यावर तुझं भागलं तर राहा. नाहीतर यात्रा झाली की पुण्याला यायचं, मग रडायचं नाही."

आत्तीला पुण्याचं नावही नको होतं. तिथं सातव्या मजल्यावर पायरी नव्हती आणि पायरीवर बसणारं माणूस तर मुळीच नव्हतं. पण तोंडावर तिनं काही दाखवलं नाही. कुकरला हळदकुंकू लावलं, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं आणि कुकर दोन्ही हातांत धरून त्याच्या बुडानं ते माप कलंडवून त्याला घरात घेतलं. मी हसलो तर म्हणाली, "हसतुयास काय? माप न ओलांडता आल्याली सून टिकती का कुटं?"

सून पहिल्याच दिवशी रुसली. आत्तीनं आयुष्यभर ऊसतोडीच्या आणि भांगलणीच्या बायांसकट सगळ्यांचा स्वयंपाक केलेला, एकटीपुरतं म्हणजे किती हे तिच्या हाताला ठाऊकच नव्हतं. तिनं कुकर काठोकाठ भरला. झाकणाच्या भोकातून पेज उसळली, ओट्यावरून वाहत खाली पोचली आणि आत्ती फडकं घेऊन तिच्या मागं. खालचा तांदूळ लगदा, वरचा कच्चा. "तोंड लय हाय हिला," आत्ती म्हणाली, "पर पोट ल्हान हाय. निम्म्यावर भरायचं, मग बगा कशी गुमान ऱ्हाती."

त्यानंतर मी शनिवारी गेलो की सुनेच्या स्वभावाचा एखादा नवा पैलू ऐकायला मिळायचा. आतलं भांडं ओलं ठेवलं की ती चरचरते, म्हणून आत्ती भांड्याचं बूड पदरानं कोरडं पुसूनच आत ठेवायची. "पाय पुसून आत यायचं, येवढं वळण पायजेच." फोडणी द्यायची तर तेल बेतानं आणि लसूण तांबूस झाला की लगेच पाणी, नाहीतर भांडं कोरडं पडून बटण टपकन वर उडायचं. याला आत्ती "माहेरी निघाली" म्हणायची. याच पद्धतीनं तिनं घेवड्याची आमटी केली, कुळथाची शेंगोळी केली आणि एकदा रव्याचा केकही केला, ज्याला केक म्हणायचं धाडस फक्त तिच्यातच होतं.

झाकणाच्या बाबतीत मात्र ती कुणाचीही गय करत नसे. भात होताना झाकण उचलून बघायची मला खोड. एकदा तिनं माझ्या हातावर उलथनं मारलं. "आत बाई न्हातीया आन् तू दार उघडतुयास व्हय रं?" बटण वर उडालं तरी लगेच वाढायचं नाही. जरा थांबायचं, वाफ आतल्या आत जिरू द्यायची. "पदर सावरू द्या तिला, मग भाईर येईल." आणि खरंच, त्या थांबण्यानंतरचा तिचा भात इतका मोकळा यायचा, की तसा मला सांगलीत त्याच कंपनीच्या कुकरवर कधी साधला नाही. त्याचं दुसरं एक कारण मला पुढं कळलं. संध्याकाळी मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की गावातली वीज दमते. माजघरातला दिवा पिवळा पडला की आत्ती तांदूळ टाकायचीच नाही. "आता ती अर्दपोटी हाय, तिला काम सांगू नगंस," म्हणायची.

संजूदादाची खरी बायको फोनवर हे सगळं ऐकून खो खो हसायची. "आत्या, दोघींत चांगली कोण?" तिनं एकदा विचारलं. सासूला ती आत्याच म्हणायची. आत्ती म्हणाली, "तू बोलाय चांगली. ही ऐकाय चांगली."

संजूदादा मात्र हसण्यावर नेत नव्हता. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून ताट दाखवायला सांगायचा. ताटात भाकरी, पिठलं, वांग्याचं भरीत, कधी अंड्याची पोळीसुद्धा. एवढ्याशा कुकरवर भाकरी कशी होते, हा प्रश्न त्याला पडायचा. तो विचारायचा आणि नेमकी तेव्हाच रेंज जायची. रेंज आत्तीच्या अंगठ्याखाली होती, हे मी स्वतः पाहिलंय.

यात्रा आठवड्यावर आली आणि संजूदादानं शेवटचा डाव टाकला. मटणाच्या दिवशी तो बायकापोरं आणि हाफिसातली मित्रमंडळी मिळून विसेक माणसं घेऊन येणार होता. आपल्या भागात यात्रेला आलेला पाहुणा न जेवता गेला तर त्या घराला वर्षभर मान वर करता येत नाही. त्याला वाटलं, आई आता तरी हात टेकील. आत्ती फोनवर म्हणाली, "या की. येताना भूक घिऊन या."

मी भडंगाचा पुडा घेऊन सकाळी सकाळी पोचलो. कुकर पहाटेपासून चालू होता. एक घाणा निघाला की आत्ती तो धोतराचं फडकं अंथरलेल्या दुरडीत मोकळा करायची, वर वाकळ पांघरायची आणि दुसरा लावायची. एक दुरडी भरली की ती परड्याच्या भिंतीवरून कमळाकाकीच्या हातात. दुसरी सुभेदारांकडे. तिसरी मागच्या आळीला. मी बघतच राहिलो. घरात येणार वीस माणसं आणि ही भात गावाला वाटून बसली. मटणाचा तर वाससुद्धा नव्हता.

"आत्ती, रस्सा?"

"कोंबडं आरवल्याबिगार उजाडत न्हाई का रं?" एवढंच बोलून तिनं बटण दाबलं.

गाड्या आल्या. संजूदादा तडक स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर एक कुकर, जमिनीवर वाकळेखाली एक दुरडी, बाकी सगळं लख्ख. त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू आलं आणि त्यातच थोडं वाईटही वाटलेलं दिसलं. "आई, मटण कुठाय?"

"येतंय की चालत."

आणि ते खरंच चालत आलं. सुभेदार दोन्ही हातांत टॉवेल धरून रश्श्याचं पातेलं घेऊन आले. पलटणीतल्या सवयीनं दारातूनच ओरडले, "वैनी, रस्सा हाजिर!" मागून कमळाकाकी भाकरीची चवड घेऊन, तिच्यामागं मागच्या आळीतल्या दोघी सुकं मटण आणि कांदा-लिंबू घेऊन. पाहुण्यांनी टाळ्याच वाजवल्या. त्यांना वाटलं हा यात्रेचाच काही कार्यक्रम आहे.

संजूदादा लाल झाला. "ही फसवणूक आहे. तू नुसता भात केलास!"

"फसवनूक?" आत्ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पैरा हाय ह्यो. तुज्या बापाकडं एकच बैल हुता, दुसरा सुभेदाराचा. जोड लावून आज त्येंचं रान, उद्या आपलं. आपलं रान कवा पडीक ऱ्हायलं का? मी भात घालती, ही भाकरी घालती, त्यो रस्सा घालतोय. रोज हेच चाललंय. तू म्हनलास कुकरवर भागव. भागलंय का न्हाई, बग."

रोजच्या ताटातल्या भाकरीचं कोडं संजूदादाला तेव्हा उलगडलं. तो पंगतीत जाऊन बसला आणि भात दोनदा मागून घेतला. निघताना पुण्याचा विषय त्यानं काढला नाही. फक्त सुभेदारांना म्हणाला, "आईवर जरा लक्ष ठेवा." त्यावर आत्ती आतून ओरडली, "त्यो काय ठेवतोय! मीच त्येच्यावर ठेवती!"

पुढची सगळी वर्षं आत्ती त्याच घरात राहिली. आळीतल्या बायका सकाळी तांदूळ आणून द्यायच्या आणि दुपारी भात घेऊन जायच्या. हळूहळू त्यांच्या घरात भाताचं पातेलं चढायचंच बंद झालं. गेल्या माघात, दुपारच्या वेळी, पायरीवर घेवड्याच्या शेंगा सोलता सोलता ती भिंतीला टेकली ती टेकलीच. कमळाकाकी शेजारी बसून बोलत होती. तिला वाटलं आक्का ऐकतीय.

सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारपाजारच जेवण आणतात. पहिले दोन दिवस चहा-भाकरीवरच निघाले, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आळी भरली ताटं घेऊन आली. भाकरी आली, पिठलं आलं, दोन घरची आमटी आली, ठेचा आला. पानं मांडली आणि कमळाकाकीचा हात थांबला. "आता गं बया. भात?"

भात कुणीच आणला नव्हता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. विसरलं असं कुणीच नव्हतं. भात आत्तीच्या घरातून येतो, एवढंच सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं आणि आत्तीच्या घरी जेवण न्यायचं म्हणून तेवढा सोडून बाकी सगळं रांधलं होतं. एकदम सगळ्याजणी रडायला लागल्या. मलाही आवरलं नाही.

संजूदादा उठला. त्यानं तांदूळ धुतले. कुणीतरी म्हातारं म्हणालं, "आरं, सुतकात चूल पेटवत न्हाईत." सुभेदार खाकरले. "चूल कुटं हाय? जाळ दिसतोय का कुनाला?" कुणालाच दिसला नाही. संजूदादानं भांड्याचं बूड खांद्यावरच्या टॉवेलनं कोरडं पुसलं, आत ठेवलं, बटण दाबलं. मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या होत्या, दिवा पिवळा पडला होता, त्यामुळे भात काही लवकर होईना. त्यानं बघायला म्हणून झाकणाला हात लावला आणि आख्खी आळी ओरडली, "उघडू नगंस!"

शेवटी बटण टपकन वर उडालं. कमळाकाकी ताट घेऊन पुढं सरकली तर संजूदादानं तिला हातानं थांबवलं. "पदर सावरू द्या तिला," तो म्हणाला, आणि ज्या टॉवेलनं बूड पुसलं होतं त्यातच तोंड खुपसून लहान मुलासारखा रडला.

भात गिच्च झाला होता. सुभेदारांनी पहिला घास घेतला, मान हलवली आणि भरल्या डोळ्यांनी म्हणाले, "पानी लय झालं, संजू. वैनी असत्या तर तुला आजच्या आज पुन्याला धाडलं असतं."