दाजी पडायला शिकतात

जी गोष्ट माणसाला जन्मल्यापासून आपोआप येते ती, म्हणजे पडणं, शिकण्यासाठी चालत्या दुकानाचं शटर ओढून परभणीहून लुधियान्याला येणारा माणूस अख्ख्या हिंदुस्थानात एकच सापडेल, आणि तो नेमका माझ्या बहिणीचा नवरा आहे. हे लिहितानासुद्धा मला राग येतोय. बरं, हा राग तोंडावर काढायची सोय नाही. मी आठवीतून शाळा सोडली तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी मला एकेक सल्ला दिला आणि दाजींनी एकट्यानं तिकीट काढून दिलं. नुसतं तिकीट काढून थांबले असते तरी मी आज त्यांना चार शब्द सुनावले असते. पण हा माणूस माझ्यासोबत अमृतसरच्या गाडीत दोन दिवस दाराशी बसून आला, वाटेतल्या स्टेशनांवर शीख मंडळी लंगरचं जेवण वाटत होती ते स्वतः रांगेत उभं राहून माझ्यासाठी घेऊन आला, आणि लुधियान्यातल्या स्वेटरच्या कारखान्याच्या मालकाला त्यानं बेधडक सांगितलं, की हे पोरगं मशीनला हात लावतं तेव्हा मशीन बोलायला लागती. मी तोवर सायकलची चैनसुद्धा बसवली नव्हती. मी रडू नये म्हणून दाजी चार दिवस सुताच्या गोण्यांवर झोपले आणि मग आक्काला काहीतरी थाप मारून परत गेले. आज मी चार मशिनी एकटा सांभाळतो. तेव्हा रागवायचं ते मनातल्या मनात, आणि आता या कागदावर.

दाजींची पहिली खोड म्हणजे त्यांचा शड्डू. अंगानं मध्यम, छाती बेताची, पोट नको तेवढं पुढं. पण उजव्या मांडीवर देवानं काय बसवलंय कोण जाणे, त्यांनी शड्डू ठोकला की टायर फुटल्यासारखा आवाज होतो. परभणीजवळ पिंगळीला स्टेशनाच्या रस्त्यावर त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळालेली मोटार भरून पहिल्यांदा फिरली की शड्डू. वरातीत शड्डू. बँकेत नंबर पुकारला तरी शड्डू. एकदा पिंगळीच्या फलाटावर ठोकला, तर गार्डानं डबा सोडून खाली उतरून चाकं तपासली. एवढा आवाज करणाऱ्यानं आयुष्यात किती कुस्त्या केल्या असतील? एक. पोखर्णीच्या जत्रेत, नारळावरची. समोर नववीतलं पोरगं होतं. दाजींनी शड्डू ठोकला, आणि त्या पोराची आई गर्दीतून आत आली आणि पोराला दंडाला धरून घेऊन गेली. ही कुस्ती दाजी जिंकलेली धरतात. नारळ त्यांनी फोडला नाही, दुकानात देवाच्या फोटोखाली ठेवला, आणि दोन वर्षांनी त्याला कोंब फुटला तेव्हा तो परड्यात लावला.

या एका शड्डूच्या जोरावर ते टीव्हीच्या कार्यक्रमात गेले. कुणीतरी त्यांचा व्हिडिओ वाहिनीला पाठवला होता. कार्यक्रम असा, की शहरातली दहा आणि खेड्यातली दहा माणसं एका मळ्यात कोंडायची आणि त्यांना एकमेकांच्या उरावर बसवायचं. तिसऱ्याच दिवशी चिखलाच्या खड्ड्यावर आडवा टाकलेला ओंडका चालून जायचा होता. दाजी मधोमध गेले. मुकाट पुढं जावं की नाही? समोर कॅमेरा दिसला. त्यांनी शड्डू ठोकला, आणि स्वतःच्याच दणक्यानं तोल जाऊन तोंडावर चिखलात गेले. पंधरवड्यात लोकांनी त्यांना मतं देऊन घरी पाठवलं, पण ते पडणं काही घरी जाईना. ते मोबाइलमध्ये शिरलं. कधी उलटं, कधी सावकाश, कधी मागं गाढवाचा आवाज लावून. आमच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत पोरं ते लावायची आणि मला विचारायची, "यार, ये तेरा जीजा है ना?" मी डब्यात मान घालून भाकरी चावायचो. भाकरीवर एवढा राग काढलेला माणूस पंजाबात दुसरा नसेल. सगळ्यात जास्त राग याचा, की दाजी स्वतःसुद्धा तो व्हिडिओ दुकानावर आलेल्या गिऱ्हाइकाला दाखवायचे आणि म्हणायचे, "बघा, चिखल कसा उडालाय."

मग त्यांना लुधियान्याहून फोन आला. इथं शहराबाहेर, मंगल कार्यालयाच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये तमाशाच्या कुस्त्यांची शाळा आहे. दोरखंडाची रिंग, गाणी, झगमगीत चड्ड्या, आणि कोण जिंकणार हे आधी ठरलेलं. त्यांना ओळखीचा चेहरा पाहिजे होता. दाजींनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "मेव्हणे, मी यायलोय. एक गादी जास्तीची घ्या."

ते आले ते हात अंगापासून दोन विती लांब धरून चालत. दोन्ही हातांत न दिसणाऱ्या बादल्या आहेत असं वाटायचं. माझी खोली दहा बाय दहाची. त्या चालीनं वळताना त्यांनी पहिल्याच दिवशी कपबशा फोडल्या. आक्कानं त्यांना लाल सॅटिनचा झगा शिवून दिला होता. आपल्याकडची म्हण त्यांनी त्यावर जरीनं काढून घेतलेली: जगात जर्मनी, भारतात परभणी. पण कापड पुरेना म्हणून पाठीवर "जगात जर्मनी" आणि पुढं छातीवर "भारतात परभणी". शेडमधली पोरं त्यांना पाठमोरे बघून जर्मनवाला म्हणायला लागली, आणि दाजी त्या हाकेला ओ द्यायला लागले. मी म्हणालो, "दाजी, तुमी जर्मन हाव का?" तर म्हणाले, "त्यांनी बघितलाय का कुठं जर्मन? मंग राहू द्या की."

इथवर मी फक्त चिडलेला होतो. भीती नंतर आली.

त्या शाळेत डाव शिकवण्याआधी पडणं शिकवतात. दोन्ही हात पसरायचे, हनुवटी छातीला लावायची आणि आख्खी पाठ एकदम फळ्यांवर आपटायची. खाली पोकळी असते म्हणून आवाज मोठा होतो आणि मार वाटून जातो. कोच साठीचा, कान चुरगळलेला, खरा पैलवान होता म्हणे कधीकाळी. त्यानं मला एक दिवस बाजूला बोलावलं. दाजी दहा वेळा पडले तर पाच वेळा हवेतच कूस बदलतात, असं तो म्हणाला. पाठ टेकायच्या ऐन वेळी गर्रकन पोटावर वळतात. उंचावरून फेकल्यावर असं वळलं, तर सगळं वजन मानेवर येतं. "मान गेली की माणूस राहत नाही," तो हिंदीत म्हणाला. "रविवारी जत्रेत खेळ आहे. तोवर हे सुटलं नाही तर मी याला गाडीत बसवून देईन. आणि याला सांग, मी वाईट माणूस नाही."

आता हे वळणं आलं कुठून, हे कोचला माहीत नव्हतं, मला होतं. आमच्या भागात पोर रांगायला लागल्यापासून ऐकतं, की काहीही होवो, पाठ मातीला लागू द्यायची नाही. मातीत पोटावर पडून राहिलास तर अजून कुस्ती आहे. पाठ लागली की संपलास. दाजींना कुस्ती येत नव्हती, पण हे एवढंच हाडात होतं. असणारच. त्यांचे वडील, ज्यांना सगळा गाव आबा म्हणतो, ते आसपासच्या जत्रांत चाळीस वर्षं आखाड्यात पंच. रोज संध्याकाळी दाजींना आबांचा फोन यायचा आणि रोज तेच ऐकू यायचं, "खेळ खोटा का असंना, पाठ लावून घेऊ नको. आपल्या घरात कुणाची लागली न्हाई."

एके दिवशी माझा तोल गेला. मी म्हणालो, "दाजी, दुकान बंद पडलंय, आक्का एकटी हाय, आन् तुमी हितं मान मोडून घ्यायलाव. कशापाई?"

दाजी चहा ढवळत होते. साखर कधीच विरघळली होती, तरी ढवळत राहिले. मग म्हणाले, "मेव्हणे, सगळ्या मुलुखानं मला पडताना बघितलंय. हसले लोक, हसू द्या. पण ते पडणं चुकून झालं होतं. मला एकडाव नीट पडून दाखवायचंय. ठरवून. माझ्या मर्जीनं."

मी कपबशी आपटली. नवीनच होती, तीही फुटली.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या जिन्यात उभा राहून मी आबांना फोन लावला. आबांशी मी उभ्या आयुष्यात पाया पडण्यापलीकडं बोललो नव्हतो.

"आबा, दाजींना सांगा, पाठ टेकवा म्हणून."

"काय म्हणलास?"

"पाठ टेकवा म्हणून सांगा. तुमच्या बिगर ते कुणाचं ऐकत न्हाईत."

"खोटी कुस्ती हाय ना ती?"

"खोटीच हाय."

"मंग पाठ बी खोटीच लागंल की."

"न्हाई आबा. पाठ खरी लागती. मान बी खरीच मोडती."

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या आक्काला ठावं हाय का हे?"

"न्हाई."

फोन बंद झाला. मला वाटलं, संपलं. आता सोयरीकही गेली.

रविवारी दुपारी जत्रेच्या मैदानात कापडी तंबूत दाजी तयार होऊन बसले होते. मनगटांना पट्ट्या, अंगात लाल झगा. समोरचा गडी हरियाणाचा, उंटासारखा. तो दाजींना डोक्यावर उचलणार आणि फेकणार, असं ठरलेलं. त्या दिवशी सकाळी दाजी चार वेळा पडले आणि दोनदा वळले होते. कोच म्हणाला होता, नको. दाजींनी त्याचे पाय धरले, तेव्हा कुठं तो तयार झाला होता. मी तंबूच्या दाराशी उभा राहून सगळ्या जगाला शिव्या देत होतो: कोचला, त्या उंटाला, वाहिनीला, मत देणाऱ्यांना, न देणाऱ्यांना, आणि अकरा वर्षांपूर्वी मला इथं आणून सोडणाऱ्या माणसाला.

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. हाताला पट्ट्या असल्यामुळं मी तो उचलून स्पीकरवर धरला. आबा होते.

"तिथं खाली काय हाय रे?"

"फळ्या हायत आबा," दाजी म्हणाले. "वर फोम, त्याच्यावर ताडपत्री."

"माती न्हाई?"

"माती कुठली हितं."

"मातीच न्हाई, तर पाठ लागलीच कुठं? फळीवर तर मी रोज निजतो." आबा खाकरले. "टेकव पाठ. चांगली रुंद टेकव. कुणी काय म्हणलं तर सांग, पंचानं सांगितलंय."

दाजींनी फोनकडं बघत नुसती मान हलवली, जसं काही आबांना ते दिसणार होतं.

त्या उंटानं त्यांना डोक्यावर उचललं तेव्हा मी दोरीला लागून उभा होतो. वरती असताना त्यांचा उजवा खांदा वळायला लागलेला मला स्पष्ट दिसला. एक कणभरच. मग तो खांदा थांबला. हनुवटी छातीला लागली, हात दोन्हीकडं उघडले, आणि दाजी आख्खेच्या आख्खे पाठीवर आले. मैदान हादरलं. पंजाबी पब्लिक "ओए" करून उठलं. पंचानं तीनदा फळीवर हात मारला, उंटाचा हात वर गेला, टाळ्याही त्यालाच पडल्या. दाजी तसेच पडून आभाळाकडं बघत राहिले. कोच घाबरून वर चढला. मीही चढलो, मला कुणी अडवलं नाही. जवळ गेलो तर दाजी हळूच म्हणाले, "उठायचं ध्यानातच ऱ्हायलं न्हाई. लय बरं वाटायलंय असं."

त्यांच्या भवितव्याबद्दल कोचनं त्याच संध्याकाळी निकाल दिला, तो असा: हा माणूस जन्मात एकही कुस्ती जिंकणार नाही. त्याला जिंकताना कुणी दाखवणारही नाही. पण नवीन पोराला मोठं करायचं तर त्याच्या हातून चांगलं पडणारा कुणीतरी लागतो, आणि तसा मिळत नाही. याला ठेवतो. दाजींनी हे ऐकून शड्डू ठोकला. मला इतका राग आला की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. एवढ्या लांब येऊन, एवढं करून, मिळालं काय, तर दुसऱ्यांच्या हातून जन्मभर आपटायचं काम. आणि हा माणूस खूश.

सोमवारी मी खाडा केला. सकाळी खोलीत दाजी पालथे झोपले होते. पाठ लालेलाल, फळ्यांच्या फटी तिच्यावर रेघांसारख्या उठलेल्या. मी सरसोचं तेल कोमट केलं आणि रागारागानंच चोळायला बसलो. आक्काचा फोन आला, तो खांद्यावर धरला.

"लागलं का रे त्यांना?" तिनं पहिलं तेच विचारलं.

"न्हाई."

"खरं सांग."

"खरंच न्हाई. झोपलेत." मग मीच विचारलं, "आबा काय म्हणायलेत?"

"राती फोनवर ऐकलं आन् आबा सकाळधरनं गल्लीतल्या एकेकाला थांबवून सांगायलेत, पोरगं काय पाठीवर पडलं म्हणून. कसं पडलं ते हात पसरून दाखवायलेत. ह्या वयात." मग तिनं विचारलं, "घरी कधी येणार हायत ते?"

गुरुवारी दाजी शाळेच्या मंडळींसोबत खेळ करायला पुढच्या गावाला निघणार होते, मग त्याच्या पुढच्या. हे तिला सांगायचं काम माझ्यावरच आलं होतं. मी "विचारून सांगतो" म्हणालो आणि फोन खाली ठेवला. दाजी झोपेतच पुटपुटले, "हळू, मेव्हणे."

मी आणखी थोडं तेल तळहातावर घेतलं आणि हळू चोळायला लागलो.